३१ मेपर्यंत मुक्कामी डॉक्टर द्या

हा इशारा मुंबईत बसणाऱ्या आरोग्य विभागाला आहे, वित्त विभागाला आहे आणि मेळघाटच्या नावावर मतं मागणाऱ्या प्रत्येकाला आहे. विनंत्या करून झाल्या. निवेदनांच्या पोचपावत्यांनी आमची फाईल फुगली. आता तारीख सांगतो: ३१ मे. तोवर धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मुक्कामी डॉक्टर पाहिजे. मुक्कामी म्हणजे रात्री दार वाजवलं की उठणारा. सकाळी परतवाड्याहून येऊन दुपारी परतणारा आम्हाला नको.

३१ मेच का? जून लागला की नाले भरतात, घाटात दरडी येतात, पाडे तुटतात आणि लेकरं दगावण्याचे दिवस सुरू होतात. १९९३ साली इथल्या बालमृत्यूंची देशभर चर्चा झाली. १९९५ साली नवसंजीवनी योजना आली, भरारी पथकं आली, उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे याचिका चालल्या. तरी पहिल्या पावसाबरोबर आमच्या पोटात गोळा येतो, तो आजही तसाच येतो.

मागच्या श्रावणात माझ्या भाचीला रात्री कळा सुरू झाल्या. केंद्रात नर्सबाई एकटी. तिने पोटावर हात ठेवून पाहिलं, मूल आडवं आहे म्हणाली आणि टॉर्चच्या उजेडात चिठ्ठी लिहिली. डॉक्टरच्या सहीची जागा कोरीच राहिली. पुढच्या दवाखान्यात भूल देणारा नव्हता, म्हणून अमरावती. धारणीहून दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आणि घाटाची वळणं. जीपमध्ये तिचं डोकं मी मांडीवर घेतलं होतं. सेमाडोहच्या अलीकडे तिचं ओरडणं थांबलं. भाची वाचली, बाळ गेलं. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे.

त्याच केंद्रामागे डॉक्टरचं क्वार्टर आहे. खिडकीला काच नाही, भिंतीला ओल, नळाला पाणी नाही, न्हाणीत सिमेंटची पोती रचलेली. पंचवीस वर्षांची पोरगी नागपूरहून डॉक्टर होऊन आली, तर तिने इथे रात्र काढायची कशी? म्हणून आमचा राग डॉक्टरांवर नाही. उद्या कोणी डॉक्टरच्या अंगावर हात टाकला, तर गाव त्याला पाठीशी घालणार नाही, हेही याच कागदावर लिहून ठेवा.

आता नवी भाषा ऐकू येते: दुर्गम भागात येणाऱ्या डॉक्टरांना करात सूट देऊ. ऐकायला गोड आहे, पण सूट देणार कोण? आयकर केंद्राचा. राज्याच्या हातात व्यवसाय कर, आणि घटनेच्या कलम २७६ ने त्याची कमाल मर्यादाच वर्षाला २,५०० रुपये ठरवली आहे. एवढ्या पैशासाठी कोणी चिखलदऱ्याचा घाट चढेल का? अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात ग्रामीण भागातल्या डॉक्टरला वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत करसवलत देणारा कायदा आहे. तिथे राज्याला स्वतःचा आयकर आहे, म्हणून जमतं. आणि तिथेही ठरावीक तास प्रत्यक्ष काम केल्याशिवाय सवलत पदरात पडत नाही. घ्यायचं असेल तर हे घ्या. आयकर माफ करता येत नसेल, तर डॉक्टरने भरलेल्या आयकराएवढी रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून भत्ता म्हणून द्यावी. पण ती मुक्कामाच्या रात्री मोजून, ग्रामसभेने हजेरी पाहिल्यावर. पहिल्या वर्षी थोडी, तिसऱ्या वर्षी भरपूर. नुसतं रुजू होण्याला पैसे द्याल, तर लोक रुजू होतील आणि निघून जातील. बंधपत्राचं काय झालं ते पाहिलं आम्ही. एमबीबीएसनंतर एक वर्ष सेवा सक्तीची, पण कित्येक वर्षं १० लाख भरून सुटायची वाट उघडी होती. ज्याच्या बापाकडे पैसा, तो सुटला.

पैशाइतकीच मोठी गोष्ट पुढच्या शिक्षणाची. सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर प्रवेशात जागा राखण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मान्य केला आहे. त्या जागांवर पहिला हक्क मेळघाट, भामरागड, धडगाव इथे तीन पावसाळे काढणाऱ्याचा असला पाहिजे. त्यासाठी दिल्लीकडे बोट दाखवायची सोय नाही. क्वार्टरला काच बसवायलाही दिल्लीची परवानगी लागत नाही.

३१ मेच्या रात्री आमची माणसं प्रत्येक केंद्राचं दार वाजवतील. कोण उठलं, कोण नाही, याची नोंद ग्रामसभेच्या वहीत होईल आणि तिची प्रत उच्च न्यायालयात जाईल. त्या दिवसापासून नव्या इमारतीची फीत कापायला एकाही पुढाऱ्याला गावात पाऊल ठेवू देणार नाही. आहेत त्या इमारतींत आधी माणूस बसवा. केंद्रांना कुलूप लावणार नाही, तिथली नर्सबाई आमची आहे.

आणि १ जूनला सकाळी आम्ही अमरावतीला जिल्हा परिषदेसमोर येऊ, घरोघरी पडलेल्या रेफर चिठ्ठ्या घेऊन. शेवटच्या केंद्रात डॉक्टर मुक्कामी येईपर्यंत आमचाही मुक्काम तिथेच. लेकरं, भांडी आणि पावसासाठी ताडपत्री सोबत असेल.