भाव ठरला, चुकाऱ्याचे काय?

कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला बाजाराचे एक गणित वेगळे शिकवावे लागत नाही. भाव किती जाहीर झाला यापेक्षा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, कधी हाती पडला, यालाच हिंगणघाटच्या किंवा आर्वीच्या बाजारात जास्त किंमत असते. १९७२ मध्ये राज्याने एकाधिकार कापूस खरेदी सुरू केली, तेव्हा भावाची चिंता मिटली असे वाटले होते. पुढे चुकारे रखडू लागले आणि जाहीर भावाचा कागद घेऊन शेतकरी वाट पाहत बसला. फुटबॉलच्या लेखात कापूस आणण्याचे कारण असे की, व्यावसायिक संघांच्या पगारखर्चावर कमाल मर्यादा असावी की नसावी या वादात दोन्ही बाजू भावावरच भांडत असतात, चुकाऱ्याचे कोणी विचारत नाही. इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, ही मर्यादा आहे. काही हंगाम ती १६.५ कोटी रुपये होती, २०२४-२५ मध्ये १८ कोटींवर गेली आणि त्यातून दोन खेळाडू बाहेर ठेवण्याची मुभाही मिळाली. ही मर्यादा ठेवावी, असे माझे मत आहे. मात्र आज ती अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळेच बदनाम आहे.

मर्यादा नको म्हणणाऱ्यांनी आधी महाराष्ट्राकडे पाहावे. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. पुणे एफसी २०१५ मध्ये आटोपला, कल्याणी समूहाचा भारत एफसी एकाच हंगामात गुंडाळला गेला, मुंबई एफसी २०१७ मध्ये गेला. त्या काळात आय-लीगमध्ये पगाराला वरची हद्द नव्हती. प्रत्येक संघ बंद पडण्याची कारणे निराळी असतील, पण यांतल्या प्रत्येकाच्या मागे एकेकच मालक होता आणि त्याचा खिसा हेच एकमेव उत्पन्न होते. तिकिटे, प्रायोजक आणि प्रक्षेपण यांतून खर्च भागत नसताना मालकांमध्ये बोली लागली, तर सर्वांत उतावळा मालक सगळ्यांचा खर्च वाढवतो आणि कंटाळला की सर्वांत आधी निघून जातो. मर्यादा असते ती या उतावळेपणाला.

तिचा दुसरा फायदा मैदानावर दिसतो. जर्मनीत पगाराची मर्यादा नाही. तिथे २०१३ ते २०२३ अशी सलग अकरा विजेतेपदे बायर्न म्युनिकने नेली. आयएसएलच्या २०१४ ते २०२५ या पहिल्या अकरा हंगामांचे चषक पाच वेगवेगळ्या संघांकडे गेले, आणि हा आकडा २०२० मध्ये मोहन बागानात मिसळलेला एटीके वेगळा न मोजता. त्या जोडसंघाने अकरांपैकी पाच नेले, म्हणजे समता अगदी नांदते असेही नाही. तरी हंगामाच्या शेवटी चषक कोण उचलणार हे सुरुवातीला सांगता येत नाही, एवढे खरे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. खेळाडूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची, त्यात त्याच्या कमाईवर मालकांनी संगनमताने झाकण का ठेवावे? इतिहास या आक्षेपाच्या बाजूने आहे. इंग्लंडमध्ये जानेवारी १९६१ पर्यंत फुटबॉलपटूला आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त देता येत नसे. मैदाने तुडुंब भरत आणि गल्ला मालकांकडे राही. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी संपाची तयारी केली तेव्हा ते झाकण उडाले, आणि लगेच फुलहॅमच्या जॉनी हेन्सला १०० पौंड मिळू लागले. ते योग्यच झाले. आपल्याकडे या आक्षेपाचा खरा पत्ता आयपीएल हा आहे. २०२३ ते २०२७ च्या प्रक्षेपण हक्कांचे ४८,३९० कोटी रुपये आले, म्हणजे वर्षाला साडेनऊ हजार कोटींहून अधिक. २०२५ च्या हंगामासाठी दहा संघांच्या लिलावाच्या थैल्या, म्हणजे खेळाडूंवरच्या खर्चाची मर्यादा, मिळून भरल्या १,२०० कोटी. तिथे मर्यादा मालकाचा नफा राखते. भारतीय फुटबॉलमध्ये राखायला नफाच नाही, ती तोटा अडवते. एकच नियम पैशाच्या घरात लूट ठरतो आणि उसनवारीच्या घरात शहाणपण. म्हणून मर्यादेचा आकडा कायमचा कोरून ठेवू नये, उत्पन्न वाढेल तसा तो वर सरकला पाहिजे.

खरी अडचण दुसऱ्या आक्षेपात आहे: मर्यादा असूनही संघ बुडालेच ना? बुडाले. एफसी पुणे सिटीने पहिल्याच हंगामात डेव्हिड त्रेझेगेसारखा विश्वविजेता आणला. २०१९ मध्ये संघ बंद पडून त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबादने मार्च २०२२ मध्ये चषक जिंकला आणि दोन वर्षांच्या आत थकलेल्या पगारांमुळे खेळाडू संघ सोडून जाऊ लागले. २०२५ मध्ये ती जागा दिल्लीला पोहोचली. हा सारा प्रवास पगारमर्यादा असतानाच झाला. कारण किती कबूल करायचे याला नियम होता, कबूल केलेले देण्याला जामीन नव्हता.

स्पेनने नेमकी हीच फट बुजवली. ऑगस्ट २०११ मध्ये थकीत पगारांसाठी तिथल्या खेळाडूंनी संप केला, हंगाम उशिरा सुरू झाला. २०१३ पासून ला लिगाने प्रत्येक क्लबचे अपेक्षित उत्पन्न आणि कर्ज आधी तपासून, त्याने संघावर किती खर्च करायचा हे ठरवून द्यायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२१ मध्ये मेस्सीला बार्सिलोना सोडावे लागले ते याच चौकटीत त्याचा करार बसेना म्हणून. जगातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूसाठीही नियम वाकला नाही याची खूप हळहळ झाली. मला तर तोच त्या नियमाचा सर्वांत चांगला दाखला वाटतो. सगळ्यांना सारखा आकडा लावण्यापेक्षा ज्याची जेवढी ऐपत तेवढी त्याची हद्द, ही रीत आपल्याला जास्त मानवेल.

तेव्हा पुढच्या हंगामाची नोंदणी करताना भारतीय फुटबॉल महासंघाने एक अट घालावी. संघाने कबूल केलेल्या एकूण पगाराची बँक हमी पहिल्या सामन्याआधी जमा करायची. हमी नाही, तर नोंदणी नाही. अशाने संघ कमी होतील, अशी भीती घातली जाईल. होऊ द्यावेत. अट पाळली जाणार नाही, असेही म्हटले जाईल. उसाचे पैसे १४ दिवसांत द्या असा नियम साखर कारखान्यांना आहे, तो कितीदा मोडतो हे ठाऊक असूनही कोणी तो काढून टाका म्हणत नाही. दोन महिन्यांचा पगार थकला, तर लेखी नोटीस देऊन करार मोडण्याची सोय फिफाने खेळाडूला दिली आहे. त्या सोयीने खेळाडूची सुटका होते, चुकारा मिळतोच असे नाही. म्हणून हमी हवी, आणि ती आत्ताच हवी: आयएसएलचा व्यापारी करार ८ डिसेंबर २०२५ ला संपला, हंगाम फेब्रुवारीवर गेला, आणि आधीच लहान असलेले पगार आणखी कापून घेण्याची वेळ खेळाडूंवर आली. आयएसएलमध्ये महाराष्ट्राचा आता मुंबई सिटी हा एकच संघ उरला आहे, आणि त्याचा मोठा भागीदार असलेला सिटी फुटबॉल ग्रुपही त्याच डिसेंबरात निघून गेला.