नोट उडवणाऱ्याला कोण विचारणार?

वऱ्हाडात यात्रा भरली, गणपती बसले किंवा एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस आला की लावणीच्या कार्यक्रमाची बोलणी सुरू होतात आणि पाठोपाठ भांडणही सुरू होतं. एक गट म्हणतो, आणा, गर्दी होते. दुसरा म्हणतो, गाव नासतं. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत मी हा वाद वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. विरोध करणारी माणसं उठवळ नाहीत. त्यांत शाळामास्तर असतात, कीर्तनकार असतात, बचत गटातल्या बाया असतात. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. या सगळ्या वादात नाचणारीच्या कपड्यांवर, कमरेवर आणि चारित्र्यावर बोलायला सगळे तयार असतात. तिच्या कामावर आणि तिच्यासमोर बसणाऱ्या गिऱ्हाइकाच्या वागण्यावर कुणी बोलत नाही. माझं भांडण त्यासाठी आहे.

पहिला आक्षेप असा: याला काम कसं म्हणायचं? अंग हलवायचं नि पैसे घ्यायचे.

असं म्हणणाऱ्याने एकदा मंडपाच्या मागच्या बाजूला जावं. लावणीची पार्टी दुपारीच गाडीतून उतरलेली असते. मेकअपला जिल्हा परिषद शाळेची एखादी खोली मिळाली तर नशीब. नाहीतर पत्र्याचा आडोसा आणि त्याच्या फटींना डोळे लावून उभी पोरं. संडासाची सोय विचारली की आयोजक इकडे तिकडे बघतात. नऊवारी घट्ट नेसायची, पायांत शेकडो घुंगरांचे चाळ बांधायचे आणि वर आलेल्या खिळ्यांच्या फळ्यांवर दोन-अडीच तास ठेका सोडायचा नाही. रात्री दहाला भोंगा बंद होणार, म्हणून एकामागून एक लावण्या, मध्ये दम खायला उसंत नाही.

त्यातही अवघड भाग नाचाचा नाही, माणसांचा आहे. पहिल्या रांगेतला एकजण नोट धरून हात पुढे करतो आणि ती जवळ आली की हात थोडा मागे घेतो. तिने आणखी पुढे वाकावं, मनगट हाती यावं, एवढाच त्याचा हिशेब असतो. कसलेली नर्तकी तिथे काय करते ते मी जवळून पाहिलं आहे. ती ठेका न मोडता अर्ध्या पावलावर थांबते, नोटेचं टोक दोन बोटांत पकडते, कपाळाला लावते आणि गिरकी घेऊन ढोलकीवाल्याकडे सरकवते. वळताना हसते, पण ते हसू त्या माणसासाठी नसतं, सगळ्या मंडपासाठी असतं. त्याचा अपमान झालेला नसतो, त्याला काही मिळालेलंही नसतं, आणि कार्यक्रम पुढे चालू राहतो. चार-पाच सेकंदांत तिने एक भांडण टाळलेलं असतं. असं रात्रीतून कितीतरी वेळा करावं लागतं. बँकेतल्या किंवा दवाखान्यातल्या खिडकीवर बसलेली बाई तापलेल्या गिऱ्हाइकाला सांभाळते, तेव्हा आपण तिला कामसू म्हणतो. हिला तो मान का नाही?

ज्यांना हे कौशल्य शिस्तशीर बघायचं असेल त्यांनी संगीत बारी समजून घ्यावी. मोडनिंब, चौफुला, जामखेड इथली थिएटरं त्यासाठी नावाजलेली. एका थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात, प्रत्येकीची मालकीण वेगळी, पेटी-तबला-ढोलकी वेगळी. पाळीपाळीने मंचावर बारी लागते. मंचावरची बारी सगळ्यांसाठी, बैठक मोजक्यांसाठी. बैठकीत गिऱ्हाईक हातभर अंतरावर बसलेलं असतं. तिथे एकाच ओळीवर किती तऱ्हेने भाव दाखवता येतो, कुणाची फर्माईश आधी घ्यायची, दारू पिऊन आलेल्याला न दुखवता कसा उठवायचा, सढळ हाताच्या पण अरेरावी करणाऱ्या माणसाला कुठे थांबवायचं, हे सगळं मालकीण मुलीला शिकवते. भूषण कोरगावकर यांच्या 'संगीत बारी' या पुस्तकात हे जग आतून आलं आहे. याच बैठकीच्या अदाकारीतून आलेल्या यमुनाबाई वाईकर यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या जातकुळीतल्या बाकी बायांच्या वाट्याला मात्र शिव्या.

दुसरा आक्षेप आमच्याकडे फार बोलला जातो: बाईच्या नादानं वावर गेलं. यातलं दुःख खोटं नाही. कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे एका यात्रेत उधळून आलेल्या नवऱ्याची बायको मी नाकारत नाही; तिचा संताप रास्त आहे. पण वावराच्या खरेदीखतावर सही कुणाची असते? ज्याने उधळले, त्याला सोडून जिने मजुरी घेतली तिला गुन्हेगार ठरवायचं, हा न्याय कुठला? आणि उधळलेल्या नोटांतलं तिच्या हाती किती पडतं हेही बघा. वादक, मालकीण, गाडी, दलाल यांची वाटणी झाल्यावर उरतं ते तिचं.

विरोध करणारे इथे गाडगेबाबांचं नाव घेतात. जरूर घ्यावं. शेंडगावला जन्मलेले, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आजोळी वाढलेले बाबा आमचेच आहेत. पण बाबांचं कीर्तन आठवा. प्रश्न समोर बसलेल्या कर्त्या माणसाला असे: कर्ज काढून सण का करतोस, दारू का पितोस, देवापुढे बकरं का कापतोस? बाबांची रीत पैसे उधळणाऱ्याची मान धरण्याची होती. त्यांचं नाव घेऊन घुंगरं बांधणाऱ्या गरीब बाईला गावाच्या वेशीवरून परत पाठवणं मला त्या रीतीत बसताना दिसत नाही.

तिसरा आक्षेप म्हणजे मागणीच आहे: सरळ बंदी घाला, बायांचंच भलं होईल. डान्सबारच्या बाबतीत हे करून पाहिलेलं आहे. २००५ साली, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महाराष्ट्राने मुंबई पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही कलमं घालून डान्सबार बंद केले. ३३अने परमिट रूम आणि बिअर बारमधला नाच बंद झाला. ३३बने तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना मोकळीक दिली. नाच तोच, पाहणारा श्रीमंत असला की चालेल. एप्रिल २००६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १६ जुलै २०१३ रोजी सरन्यायाधीश अल्तमस कबीर आणि न्या. निज्जर यांच्या पीठाने सरकारचं अपील फेटाळलं. बंदीचा परिणाम उलटाच झाला, पंचाहत्तर हजारांहून अधिक बाया बेकार झाल्या आणि त्यांतल्या कितीतरी जणींवर देहविक्रयाची पाळी आली, असं त्या निकालात नोंदलेलं आहे. भलं करायला निघालेल्या कायद्याचं हे फळ.

बंदीच्याच वर्षी एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने आणि स्त्री-अत्याचार विरोधी मंचाने मुंबईतल्या ५० बारमधल्या ५०० नर्तकींशी बोलून पाहणी केली होती. घर चालवणाऱ्या, भावंडांना शिकवणाऱ्या बायांचं चित्र त्यातून पुढे आलं. पण विधिमंडळाला त्यांना विचारावंसं वाटलं नाही. ज्यांची रोजी जाणार त्यांना न विचारता त्यांच्या इभ्रतीचा कायदा होतो, याचा मला आजही राग येतो.

पुढे डान्सबारसाठी २०१६चा नवा कायदा आला आणि १७ जानेवारी २०१९ रोजी न्या. सिक्री आणि न्या. अशोक भूषण यांनी त्यातल्या बऱ्याच जाचक अटी काढून टाकल्या. पण दोन गोष्टी त्यांनी ठेवल्या, त्या वऱ्हाडातल्या प्रत्येक यात्रा समितीने वाचाव्यात. नर्तकीवर नोटा उधळायला मनाई कायम राहिली. बक्षिसी तिच्या हाती द्यायला मुभा मिळाली. आणि नर्तकीशी लेखी करार करून मोबदला तिच्या बँक खात्यात जमा करण्याची अट टिकली. म्हणजे न्यायालयाने नाच चालू ठेवला आणि बंधन गिऱ्हाइकाच्या हाताला व मालकाच्या व्यवहाराला घातलं. मला हेच हवं आहे.

आता एक सोवळा आक्षेप उरतो: लावणी ही कला, तिला आमचा विरोध नाही, हल्लीचं जे चाललंय ते अश्लील. ही रेघ दर पिढीत सरकत आली आहे. आज जिला कला म्हणतात त्या लावणीच्या तमाशावरच स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या सरकारने मुंबई प्रांतात बंदी आणली होती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता, त्यामुळे ती बंदी इथे लागू नव्हती. चांदूर बाजार तालुक्यातली बहिरमची यात्रा तर एकेकाळी तमाशाच्या फडांसाठी लांबवर ओळखली जाई, आणि लोक बैलगाड्या जुंपून सहकुटुंब जात. कुठला नाच शोभतो याचं भांडण रसिकांनी खुशाल करावं. मलाही सगळं आवडतं असं नाही. पण आवड-नावड वेगळी आणि गुन्हा वेगळा. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, न्या. विनय जोशी आणि न्या. वाल्मिकी मेनेझिस यांनी, उमरेडकडच्या एका रिसॉर्टमधल्या नाचाच्या प्रकरणात गुन्हा रद्द करताना हेच स्पष्ट केलं: तोकडे कपडे घालून, मादक हावभाव करून नाचणं एवढ्यावरून ते अश्लील कृत्य ठरत नाही. अमरावती आणि अकोला त्याच खंडपीठाखाली येतात.

माझ्याच बाजूच्या लोकांशीही एक मतभेद आहे. 'स्वखुशीने नाचतात, स्वतंत्र बाया आहेत, त्यांना त्यांचं करू द्या' असं म्हणून जे मोकळे होतात त्यांनी किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' हे आत्मकथन वाचावं. घराण्याची रीत म्हणून शाळेतून काढलेली पोर, भावाबापाच्या पोटासाठी बांधलेले चाळ, उचल फिटेपर्यंत पार्टी सोडता न येणं, वय उतरलं की रिकामा हात, हे सगळं खरं आहे. पण त्यावरचा उपाय बंदीत नाही आणि टाळ्यांतही नाही. वीटभट्टीवर उचलीत अडकलेल्या मजुराला सोडवताना आपण विटा पाडण्यावर बंदी मागत नाही. उचल मोडतो, मजुरी मागतो. इथेही तेच करायचं.

आणि कायदा नाही असं मुळीच नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा असंघटित क्षेत्राला लागू आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तिथल्या बाईसाठी किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल तर जिल्ह्यात स्थानिक समिती असावी लागते. तक्रार तीन महिन्यांत करायची. कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही बाईला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी, असं त्यात लिहिलं आहे. पहिल्या रांगेत मनगट धरणारा याच 'बाहेरच्या माणसां'त मोडतो. पण मंडपामागे चेहरा रंगवत बसलेल्या किती जणींना ही समिती ठाऊक आहे? आणि ज्या मंडळाने तिला बोलावलं त्याच्या अध्यक्षाला तरी ठाऊक आहे का?

दुसरी अडचण कागदाची. ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकार महिन्याला पाच हजार मानधन देतं, पन्नाशी ओलांडलेल्यांना. अर्जासोबत आपण कलावंत होतो याचे पुरावे जोडावे लागतात. आयुष्यभर तोंडी सुपारीवर नाचलेली बाई पुरावा आणणार कुठून? तिच्याकडे ना पावती, ना पत्रिका, ना फोटोखाली तिचं नाव. पोस्टरवर नाव पार्टीच्या मालकिणीचं असतं. एका साध्या बिदागीच्या पावतीवर तिचं म्हातारपण अवलंबून असतं, आणि ती पावती आपण देत नाही.

म्हणून अमरावती-अकोल्याच्या यात्रा समित्यांना आणि गणेश मंडळांना माझं सांगणं आहे. कार्यक्रम आणायचा नसेल तर आणू नका, तो तुमचा अधिकार. आणणार असाल तर प्रत्येक नर्तकीच्या नावाने लेखी सुपारी करा आणि पावती द्या. कडी लागणारी खोली आणि स्वच्छ संडास आधी ठरवा, मगच तारीख घ्या. मंचाच्या कडेला ताट ठेवा. बक्षिसी त्यात पडेल, अंगावर उडणार नाही आणि हातातूनही जाणार नाही. स्थानिक समितीचा पत्ता आणि फोन मेकअपच्या खोलीच्या भिंतीवर चिकटवा. आणि ज्याने हात धरला त्याचं नाव माइकवरून पुकारा, तो सरपंचाचा पाहुणा असला तरी.