उत्सव सरला, उकिरडा उरला!

अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक किती तास चालली, मानाचे गणपती किती वाजता मार्गस्थ झाले, कोणत्या पथकाने किती ढोल वाजविले, याचा तपशील पुण्यातील प्रत्येक वृत्तपत्र दरवर्षी अगत्याने छापते. मुंबईत मूर्तींच्या उंचीची चर्चा होते. परंतु ज्या मंडळाने लाखांची आरास उभारली, त्याच्या मांडवापुढे किती कचरा साठला आणि तो अखेर कोठे गेला, याचा हिशेब ना मंडळ देते, ना नागरिक मागतात. जमाखर्चाच्या वहीत ज्याची नोंद होत नाही, त्या गोष्टीची जबाबदारीही कोणाच्या अंगाला चिकटत नाही, हा सार्वजनिक व्यवहारातील जुना अनुभव आहे.

सार्वजनिक समारंभांतील कचऱ्याचा प्रश्न केवळ त्याच्या राशीचा नाही, तो सरमिसळीचा आहे. हार-फुले, नारळाच्या शेंड्या आणि उरलासुरला प्रसाद यांचे उत्तम खत होते. पाण्याच्या बाटल्या आणि पुठ्ठा यांना भंगाराच्या बाजारात भाव आहे. परंतु हेच पदार्थ एका ढिगात पडले की भिजलेला कागद कागद राहत नाही, आमटीने माखलेली बाटली कोणी घेत नाही आणि प्लास्टिकचे तुकडे मिसळलेले खत शेतकरी शेतात टाकीत नाही. ज्या वस्तू वेगवेगळ्या असताना संपत्ती होत्या, त्या एकत्र येताच उकिरडा होतात. हे परिवर्तन घडावयास चार पावलांवर दुसरी पेटी नसणे एवढे एकच कारण पुरते.

ही सरमिसळ पुढे निस्तरतो कोण? कचरावेचक. पुण्यात या श्रमिकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभारली आणि तिच्यातूनच २००८ साली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेच्या कामात उतरली. या कष्टकऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. आपण अर्ध्या क्षणाच्या आळसाने जे एकत्र केले, ते वेगळे करण्यासाठी त्यांना उन्हापावसात हात घालावा लागतो. आणि जे त्यांच्याही हातून सुटते, ते शहराबाहेर जाते. फुरसुंगी आणि उरुळी देवाची येथील ग्रामस्थांनी पुण्याच्या कचऱ्याविरुद्ध वारंवार आंदोलने केली. मुंबईतील देवनारचा ढीग जानेवारी २०१६ मध्ये पेटला आणि धुराने शहराचा श्वास कोंडला. आनंद शहराचा आणि दुर्गंधी खेड्याची, ही वाटणी कोणत्या धर्मात बसते?

या बाबतीत काहीच घडले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. नदीकाठचे निर्माल्य कलश आणि विसर्जनाचे हौद यांना प्रारंभी केवढा विरोध झाला होता! आज सुशिक्षित घरांतील माणसे मुलांना बरोबर घेऊन त्याच हौदावर श्रद्धेने आरती करतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात घरच्या घरी विरघळविण्याची रीत दाखवून दिली, आणि महापालिकेने ते रसायन नागरिकांना उपलब्ध करून दिले. श्रद्धेला धक्का न लावता सवय बदलता येते, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? सोय हाताशी असेल आणि सांगणारा विश्वासाचा असेल, तर आपला समाज ऐकतो.

तथापि येथेही एक गोम आहे. या सर्व उपायांत कर्ती महापालिका आहे. उत्सव करणारा केवळ लाभार्थी आहे. वास्तविक केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनीच शंभराहून अधिक माणसे जमविणाऱ्याने स्थानिक संस्थेला किमान तीन दिवस आधी कळवावे आणि आपल्या कार्यक्रमाचा कचरा वेगळा करून तिच्या स्वाधीन करावा, अशी अट घातली होती. महाराष्ट्राने २०१८ साली थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटवाट्यांवर बंदी आणली. १ जुलै २०२२ पासून तशा अनेक वस्तू देशभर निषिद्ध ठरल्या. म्हणजे कायद्याची वाण नाही, वाण आहे ती अंमलाची. मांडव घालण्यासाठी रस्त्यात खड्डा खणला तर मुंबई महापालिका मंडळाला दंड करते. मग त्याच रस्त्यावर कचऱ्याची रास सोडून जाणाऱ्याला तिने मोकळे का सोडावे?

यावर दोन आक्षेप हमखास येतील. पहिला असा, की हिंदूंच्या सणांवरच ही वक्रदृष्टी का? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच आमचे म्हणणे केवळ सणांपुरते नाही. निवडणुकीच्या सभा, क्रिकेटचे सामने, मॅरेथॉन शर्यती, मैदानावरील संगीताचे जलसे आणि धनिकांची लग्ने या सर्वांना एकच नियम असावा. किंबहुना राजकीय पक्षांनी प्रथम आपली मैदाने झाडून दाखवावीत, मग मंडळांना उपदेश करावा. दुसरा आक्षेप असा, की गर्दी कोणाच्या ताब्यात नसते. परंतु गर्दीच्या तहानेची आणि भुकेची सोय जो करतो, तोच तिच्या कचऱ्याचे स्वरूपही ठरवीत असतो. पाण्याच्या बाटल्या वाटावयाच्या की पिंप आणि पेले ठेवावयाचे, प्रसाद कशात द्यावयाचा, हे गर्दी ठरवीत नाही, आयोजक ठरवितो.

जर्मनीतील म्यूनिक शहराने १९९१ साली आपल्या मालकीच्या जागेवरील समारंभांत एकदा वापरून फेकावयाच्या भांड्यांना मज्जाव केला. त्या नगरपालिकेने जनतेला नीतीचे धडे दिले नाहीत; जागा देतानाच अट घातली. हाच मार्ग आपल्याला धरता येण्याजोगा आहे. परवानगीच्या अर्जासोबत कचऱ्याची योजना मागावी; कार्यक्रमाच्या आकारमानानुसार अनामत घ्यावी, जेणेकरून गल्लीतील लहान मंडळ भरडले जाणार नाही; ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पेट्यांपाशी कचरावेचकांना रीतसर मजुरी देऊन नेमावे; आणि कार्यक्रमानंतर वजनाचा आकडा जाहीर करून मगच अनामत परत द्यावी. अनामत बुडेल या धास्तीने जे होईल, ते शंभर फलकांवरील सुभाषितांनी होणार नाही. उलटपक्षी महापालिकेनेही पेट्या वेळेवर उचलल्या पाहिजेत आणि वेगळा दिलेला कचरा आपल्या गाडीत पुन्हा एक करू नये; ज्याने एकदा असे दृश्य पाहिले, तो दुसऱ्यांदा कचरा वेगळा करावयाचा नाही.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या २०२७ च्या सिंहस्थासारख्या पर्वात तर ही कसोटी कैक पटींनी कठोर असते. तेथे यात्रेकरू लक्षावधींच्या संख्येने येतात आणि गोदावरीचे पात्र मात्र तेवढेच असते. अशा पर्वाचा आराखडा करताना रस्ते आणि घाट यांच्याइतकेच महत्त्व कचऱ्याच्या विल्हेवाटीला मिळाले पाहिजे.

गाडगेबाबांनी हातात खराटा धरला, तो यात्रा आणि गावे झाडण्यासाठी. १९५६ साली ते गेले. त्यानंतर पुढाऱ्यांनी खराटा हाती घेतला, तो बहुधा छायाचित्रापुरता. बाबांच्या झाडण्याचा अर्थ आम्ही असा समजतो, की ज्याची घाण त्याला ती दिसावी आणि लाज वाटून त्याचा हात आवरावा. उत्सवानंतर झाडू मारणाऱ्या स्वयंसेवकांविषयी आम्हांस आदर आहे. पण ज्या वर्षी त्यांना झाडावयास फारसे काही उरणार नाही, त्या वर्षी आपण उत्सव करावयास शिकलो, असे म्हणता येईल. १८९३ साली लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, ते लोकांनी एकत्र येऊन काही कर्तव्य शिकावे म्हणून. उत्सव सार्वजनिक असेल, तर त्याचा कचराही सार्वजनिक कर्तव्याचाच भाग आहे.