बेटाचा वकील, बेटाचा पक्ष

प्रादेशिक पक्ष म्हटला की दिल्ली असो वा रोम, राजधानीला फुटीरतेचा वास येतो. एमिलिओ लुस्सू यांचं उदाहरण हा संशय खोटा ठरवतं.

इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या आर्मुंजिया गावचे लुस्सू कायद्याचे पदवीधर. पहिल्या महायुद्धात ते सास्सारी ब्रिगेडमधून लढले. याच ब्रिगेडमधले बेटावरचे मेंढपाळ आणि शेतकरी इटलीसाठी रक्त सांडून घरी परतले, तेव्हा दारिद्र्य जिथल्या तिथंच होतं. या माजी सैनिकांच्या चळवळीतूनच १९२१ मध्ये लुस्सू आणि सहकाऱ्यांनी 'सार्डिनियन अ‍ॅक्शन पार्टी' काढली. मागणी स्वायत्ततेची होती, इटलीतून फुटण्याची नव्हे.

फॅसिस्टांना विरोध करण्याची किंमत त्यांनी मोजली. १९२६ मध्ये फॅसिस्टांचा जमाव काल्यारीतल्या त्यांच्या घरावर चालून आला. भिंत चढून येणाऱ्या एकाला लुस्सूंनी गोळी घातली. न्यायालयानं स्वसंरक्षण मानून सोडलं. फॅसिस्ट सरकारनं मात्र लिपारी बेटावर हद्दपार केलं. १९२९ मध्ये तिथून ते मोटरबोटीनं निसटले आणि पॅरिसला पोचून फॅसिस्टविरोधी लढ्यात उतरले. फुटीर म्हणायचं कुणाला?

अखेर १९४८ मध्ये सार्डिनियाला, इटलीतच राहून, विशेष स्वायत्तता मिळाली.

पण पक्षाचा पुढचा प्रवासही झाकून चालणार नाही. २०१८ मध्ये याच पक्षानं उत्तर इटलीच्या अस्मितेवर पोसलेल्या 'लेगा' या पक्षाशी हातमिळवणी केली, आणि २०१९ मध्ये बेटाची सत्ता मिळवली. संस्थापकाच्या नावानं मतं मागायची असतील, तर या सोयरिकीचा जाब मतदारांनी विचारायलाच हवा.