पोरगं सायकलवर निघालंय? निघू द्या!

कापसाची वेचणी उरकली, दादर हुरड्यावर आली, की कॉलेजातल्या पोरांच्या डोक्यात फिरायचे खूळ शिरते. "आम्ही सायकलवर धुळ्याला जाऊन येतो," असे पोरगे म्हणाले, की आईचा पहिला प्रश्न असतो, "रात्री निजशील कुठं?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर आधी शोधा, मग खुशाल परवानगी द्या.

जळगाव ते धुळे सरळ महामार्गाने सुमारे ९० किलोमीटर. पण त्या रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ फार. त्यापेक्षा पाळधीहून धरणगावकडे वळावे आणि पहिला मुक्काम अमळनेरला करावा. सामान लादलेली सायकल तासाला १२ ते १५ किलोमीटर जाते. पहाटे उजाडताच निघाले, तर दुपारपर्यंत अमळनेर येते. दुसऱ्या दिवशी धुळे त्याहून जवळ. अंधारात सायकल चालवायची नाही, हे मात्र पोराकडून कबूल करून घ्या.

मुक्कामाला धर्मशाळा, भक्तनिवास किंवा ओळखीच्यांचे घर बघावे. आधी फोन करून जागा आहे का, भाडे किती, हे विचारावे. आधारकार्ड जवळ असू द्यावे. सोबत हवापंप, पंक्चरचे सामान, पाना, बॅटरी, चादर आणि पाणी. कळण्याची भाकरी व शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, की दुपारची चिंता मिटली.

या वाटेवर बघण्यासारखेही पुष्कळ आहे. अमळनेरच्या शाळेत साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते आणि तिथले छात्रालयही सांभाळत. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनीच लिहून घेतली. पुस्तकात वाचलेले असे पायाखालून गेले, की जन्मभर विसरत नाही.

मुलींचे काय? वेदांगी कुलकर्णी या मराठी मुलीने २०१८ साली १५९ दिवसांत सायकलवर जगाची फेरी पुरी केली. आपल्या मुलींनी चारचौघींच्या सोबतीने अमळनेर गाठायला काय हरकत आहे?

आता थोडे आपल्याविषयी. १९०९ साली जर्मनीत शिरमान नावाचे एक शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले आणि वादळी पावसात सापडले. एका खेड्यातली शाळा त्यांना रात्रीपुरती उघडून मिळाली. एका शेतकऱ्याने अंथरायला पेंढा आणि प्यायला दूध दिले. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा अशाच उघडल्या तर, हा विचार त्या रात्री गुरुजींच्या मनात आला. त्यातूनच जगभरची युवक वसतिगृहे उभी राहिली.

आपल्याला हे नवे नाही. मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा वाटेवरची गावे अशीच दारे उघडतात. तेच दार सायकलवरच्या पोरांसाठीही उघडावे. समाजमंदिराची किल्ली कुणाकडे असते, हे गावच्या फलकावर लिहून ठेवा. आज दुसऱ्याचे पोरगे तुमच्या गावी निजेल, उद्या तुमचे त्यांच्या गावी.