हरल्यावर काय जातं?

गेम खेळणाऱ्या सगळ्यांना घरचे एकाच तराजूत तोलतात. पण गेममध्येही चांगला-वाईट असतोच की! तो ओळखायचा कसा? हिमायतनगरच्या एका खेळाडूची ही आवडती यादी आणि त्यामागचं साधं मोजमाप.

‘‘काय करायलास रे?’’

‘‘गेम खेळायलोय.’’

आपल्या घरात गेमवरची चर्चा इथंच संपते. यानंतर जे येतं ते बोलणं नसतं, बोलणी असतात. म्हणजे बघा, पिक्चर बघतोय म्हटलं तर कोणता, कोणाचा, कसा आहे, असे तीन प्रश्न येतात. गेमला एकच प्रश्न, ‘‘अभ्यास कधी करणार?’’

घरच्यांचं सोडा. आपलं तरी काय वेगळं आहे? कॉलेजच्या कट्ट्यावर कोणालाही विचारा, आवडता गेम कोणता? उत्तर येतं, ‘‘बीजीएमआय.’’ का आवडतो? ‘‘भारीये ना भावा!’’ झालं. नांदेडात बिर्याणी कुठं खावी, नंदीग्रामच्या कोणत्या डब्यात जागा मिळते, यावर आपण तासभर भांडू शकतो. पण ज्याच्यावर रोजचे दोन-तीन तास जातात त्याच्याबद्दल आपलं मत दोन शब्दांचं! म्हणून मी माझी यादी काढली आणि प्रत्येक गेमला एकच प्रश्न विचारला. हरल्यावर माझं काय जातं?

कारण हरणं तर प्रत्येक खेळात आहे. आपल्याकडं परमेश्वराच्या यात्रेत कुस्तीची दंगल होते. पाठीला माती लागलेला पैलवान ती झटकतो, हात मिळवतो आणि पुढच्या वर्षाच्या तयारीला लागतो. त्याचा त्या दिवसाचा मान जातो, घर जात नाही. गेमचंही असंच मोजमाप करून बघू.

कॉन्ट्रा : दोस्त खाली राहतो

टीव्हीला जोडायचा डब्बा, पिवळी कॅसेट आणि दोन रिमोट. तुमच्यापैकी निम्म्यांनी मोठ्या भावाच्या जिवावर हा खेळलेला असणार. कोनामी या जपानी कंपनीचा हा गेम १९८७ चा. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या जन्माआधीचा! एक गोळी लागली की एक जीव गेला. दया-माया काही नाही.

याची तिसरी लेव्हल धबधब्याची आहे. आपल्या सहस्रकुंडासारखं पाणी कोसळतंय आणि तुम्ही दोघं खडकांवर उड्या मारत वर चढताय. गंमत अशी, की एक जण घाईनं वर गेला तर स्क्रीन त्याच्यासोबत वर सरकते आणि मागं राहिलेला दुसरा खालून गळून मरतो. त्याला शत्रूनं मारलेलं नसतं, तुमच्या घाईनं मारलेलं असतं! मग शेजारून चापट बसते आणि पुढच्या वेळी तुम्ही आपोआप थांबायला शिकता. ‘‘ये वर, ये वर, आता मी उडी मारतो.’’ टीमवर्कवर सेमिनार घेणाऱ्यांनी एकदा ही लेव्हल दाखवावी. तासाभराचं भाषण वाचेल.

हरल्यावर काय जातं? एक जीव आणि दोन मिनिटांची दोस्ती.

क्रिकेट ०७ : कंपनीनं सोडला, पोरांनी नाही

ईए स्पोर्ट्सनं हा गेम नोव्हेंबर २००६ मध्ये काढला. त्यानंतर या कंपनीनं कॉम्प्युटरसाठी क्रिकेटचा नवा गेमच आणला नाही. धंद्याच्या हिशोबानं तो तिथंच संपायला हवा होता. पण जगभरातले चाहते आजही त्यात नव्या टीम, नव्या जर्सी, नवे खेळाडू घालत बसलेत. जो पोरगा तेव्हा जन्मलाही नव्हता तो आज या गेममध्ये ओपनिंगला येतो. आता बोला!

मला हा आवडतो त्याचं कारण अगदी गावठी आहे. याला नेट लागत नाही. भारी ग्राफिक्स कार्ड लागत नाही. जुना डेस्कटॉप, एकाकडं कीबोर्ड, दुसऱ्याकडं स्वस्तातला गेमपॅड, की झाली मॅच सुरू. बाकी उणिवा ढीगभर आहेत. एकदा टायमिंग हातात बसलं की बॉलर कोणीही असो, चौकार ठरलेला. अंपायर कधीकधी डोळे मिटून निर्णय देतो. तरी शेजारी बसलेल्या दोस्ताला शेवटच्या बॉलवर हरवण्याची जी मजा आहे, ती अनोळखी माणसाला ऑनलाइन हरवण्यात नाही. तो अनोळखी माणूस दुसऱ्या दिवशी कॉलेजला तोंड लपवत थोडाच येतो?

हरल्यावर काय जातं? एक चहा. तोही कटिंग.

स्टारड्यू व्हॅली : अशी शेती असती तर...

हा गेम ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. शहरातल्या नोकरीला कंटाळलेला माणूस आजोबांनी ठेवलेल्या शेतावर जातो. रान साफ करतो, बी टाकतो, पाणी देतो, गावात ओळखी वाढवतो. बस्स! एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसानं चार वर्षांहून जास्त काळ खपून हा गेम बनवला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, कोड त्याचं. २०१६ मध्ये तो आला आणि जगभर गाजला.

आता शेतकऱ्याच्या पोरानं हा खेळणं म्हणजे वेगळाच प्रकार आहे. गेममध्ये पार्सनिप नावाचं गाजरासारखं एक पीक आहे. २० नाण्यांचं बी घ्या, चार दिवसांत पीक हातात आणि साधं पीक ३५ नाण्यांना विकलं जातं. आज ३५, पुढच्या वर्षीही ३५. टीव्हीवर उद्याचा पाऊस सांगतात आणि तो पडतोच! आपल्याकडं २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला. बाजारात कट्टे घेऊन गेलेल्या बापाला काय आकडा ऐकायला मिळाला, ते घरी विचारा. शहरातला पोरगा हा गेम ‘रिलॅक्स’ व्हायला खेळतो. आपण खेळताना मनात हिशोब चालू असतो, की मजुरी कुठंय यात? फवारणी? अतिवृष्टीनं खरडून गेलेलं रान?

तरी हा माझ्या यादीत वर आहे. एक तर हा गेम घाई करत नाही. दुसरं म्हणजे तो खेळून झाल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, की पैनगंगेच्या काठच्या खऱ्या शेतीवर गेम झाला तर? हळद, कापूस, सोयाबीन, भाव पडलेला, लाइट रात्री दोनला आलेली. तो जिंकायला जगातला कोणता खेळाडू तयार होईल?

हरल्यावर काय जातं? मोसम बदलला की रानातलं पीक वाळून जातं. तेवढंच. कर्ज होत नाही.

राजी : पुण्यातून निघालेली पोरगी

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं ‘राजी’ २०२० मध्ये आणला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. तिच्या लहान भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात. मधले प्रसंग कळसूत्री सावल्यांच्या खेळासारखे दाखवलेत. महालाच्या भिंती, जाळ्या, कमानी बघत मी कितीदा तरी नुसताच उभा राहिलोय.

हा गेम बनवताना टीमनं लोकांकडून वर्गणी मागितली होती, ती मोहीम फसली. तरी त्यांनी गेम पूर्ण केला आणि २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळालं.

आपल्या मातीतला म्हणून मी याला पास करणार नाही. मारामारी काही वेळानं तीच तीच वाटते आणि शेवट तर असा अचानक येतो, की सिग्नल गेला की काय असं वाटावं. हिंदी संवादही २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आले. पण देव-असुरांची गोष्ट एका पोरीच्या खांद्यावर दिली आणि ती पेलली, हे मला आवडलं. ‘गेम पोरांचे असतात’ म्हणणाऱ्यांना हा खेळायला द्या.

हरल्यावर काय जातं? पाच मिनिटं मागं जावं लागतं. अक्कल मात्र पुढं जाते.

बीजीएमआय : तुमच्या शिव्या मान्य

याच्याशिवाय यादी छापली तर तुम्ही मला कट्ट्यावर बसू देणार नाही. २ सप्टेंबर २०२० ला पब्जीवर बंदी आली, २०२१ च्या जुलैत बीजीएमआय आला, २०२२ च्या जुलैत तोही गायब झाला आणि २०२३ च्या मेमध्ये परत आला. आपल्या पिढीची बारावी, सीईटी, सगळं याच्या येण्या-जाण्याभोवती लक्षात राहिलंय.

चौघांची टीम, कानात हेडफोन, ‘‘डावीकडं घरात आहे बघ!’’ ही ओरड मलाही प्रिय आहे. गावातला, पुण्याला गेलेला आणि हैदराबादला कामाला लागलेला, असे तिघं दोस्त रात्री याच्यामुळंच भेटतात. पण हिशोब सरळ आहे. एकेकट्यानं खेळलात तर १०० जण उतरतात आणि ९९ हरतात. म्हणजे हा गेम मुळात हरण्याचाच आहे. मग ‘‘एक लास्ट’’ होतो आणि तो लास्ट कधी लास्ट नसतो. वर कपडे आणि बंदुकीचा रंग विकत घ्यायचा मोह. रंगानं नेम सुधारत नाही भावांनो!

हरल्यावर काय जातं? मॅचमागं अर्धा तास. रात्री दोनला खेळलात तर सकाळचं पहिलं लेक्चर. म्हणून हा माझ्या यादीत आहे, पण पाचवा आहे.

आणि जे यादीत नाहीत

रमी, पैसे लावायच्या फँटसी टीम, लाल-हिरवा रंग ओळखा. यांना मी गेम म्हणतच नाही. माझ्या ओळखीच्या एकाचे परीक्षेच्या फॉर्मचे पैसे असेच गेले. मग ते भरून काढायला दोस्ताकडून उसने, तेही गेले. कॉन्ट्रात हरलेला माणूस ‘‘परत खेळू’’ म्हणतो तेव्हा त्याला मजा हवी असते. हा ‘‘परत खेळू’’ म्हणायचा तेव्हा त्याला फक्त गेलेले पैसे हवे असायचे. आणि त्याची आई आजही सगळ्यांना सांगते, ‘‘गेमनं लेकरू बिघडलं.’’ तिच्यासाठी राजी आणि रमी एकच. तिला फरक सांगायला आपल्यापैकी कोणी गेलं का?

सरकारनं हा फरक कायद्यात केलाय. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमना मनाई केली. मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा भारतीय टीमच्या जर्सीवर झळकणाऱ्या ड्रीम११ नंही पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. पण ग्रुपवर ‘जॉइन होताच बोनस’वाली लिंक आली की हात कोणाचा थांबवायचा, हे काही कायद्याला जमणारं नाही.

ते आपलं आपल्यालाच बघावं लागेल. त्यासाठी गेम सोडायची गरज नाही, गेमबद्दल बोलायची गरज आहे. कोणता बरा, कोणता भिकार, कोणी बनवला, का आवडला. घराघरात पोहोचलेला लुडो किंग नवी मुंबईत बनला, राजी पुण्यात. उद्याचा एखादा हिमायतनगरात का बनू नये? बीसीए-बीएस्सीवाल्यांनो, गोडो नावाचं गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. हळदीच्या शेतीचा गेम मी वर सुचवलाय, कल्पनेचे पैसे मागणार नाही.

तोवर एक करा. तुमच्या मोबाइलमधल्या पाच गेमची नावं कागदावर लिहा. प्रत्येकापुढं लिहा, हरल्यावर काय जातं. वेळ असेल, झोप असेल, एखाद्या दोस्ताशी अर्धा दिवस अबोला असेल. ज्याच्यापुढं रुपयांचा आकडा लिहावा लागेल, तो गेम आज रात्री झोपायच्या आधी काढून टाका. उरलेल्यांपैकी कोणता भारी, यावर भांडायला मी कट्ट्यावर आहेच.