साडेतीनशेचा ज्वालामुखी आणि दहा रुपयांचं मीठ

२८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. दरवर्षीप्रमाणे शाळांमध्ये प्रदर्शनं भरली, बातमीसाठी मीही फिरलो. ज्वालामुखी, पवनचक्की, थर्माकोलचं हृदय... सगळं चकाचक. एका पोराला विचारलं, "बाळा, कसं केलंस रे हे?" तो म्हणाला, "पप्पांनी आणलं, साडेतीनशेला." खरं बोलला बिचारा.

आता घरची गोष्ट. माझी मुलगी सहावीत. तिने मिठाचे स्फटिक करायचे ठरवले. गरम पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत मीठ घातलं, गाळलं, बशीत ओतून खिडकीत ठेवलं. पहिला प्रयत्न फसला. पुडीचं बारीक मीठ होतं, ते मोकळं राहावं म्हणून त्यात पावडर घालतात, पाणी गढूळ झालं. दुसऱ्यांदा खडेमीठ आणलं, पण बशी उन्हात ठेवली. पाणी भराभर उडालं आणि नुसती खरपुडी धरली. तिसऱ्यांदा सावलीत. चौथ्या दिवशी बारीक बारीक चौकोन! त्यातला एक निवडून दोऱ्याला बांधला आणि नव्या द्रावणात सोडला.

मग प्रश्न सुरू. "बाबा, तुरटीचं पाणी नुसतं गार केलं तरी खडे येतात, मिठाचे का नाही?" मला कुठे माहीत! दोघांनी शोधलं. १०० मिली साध्या पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, उकळत्या पाण्यात जेमतेम ३९. म्हणजे गार करून हाती फारसं काही लागत नाही, पाणी उडूनच जायला हवं. मिठागरात तरी दुसरं काय होतं? आपल्या तालुक्यातलं शिरोडा १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहासाठी प्रसिद्ध. पण मीठ धरतं कसं, हे इथल्या किती पोरांनी बघितलंय?

शाळेत काय झालं? "हे काय, मीठच तर आहे!" बशी कोपऱ्यात, नंबर ज्वालामुखीला. तिची वही कोणी उघडलीसुद्धा नाही. फसलेले दोन्ही प्रयत्न तारखेसकट लिहिले होते तिने.

बाईंना एकट्यांना दोष देत नाही. ऑनलाइन माहिती भरा, निवडणुकीचं काम करा, त्यातून वेळ मिळाला तर शिकवा. पण परीक्षकांनी एवढं तरी करावं: मॉडेल बाजूला ठेवून पोराला तीन प्रश्न विचारावेत. काय केलंस, काय चुकलं, मग काय बदललंस? विकतच्या प्रोजेक्टचा निकाल तिथेच लागेल. आणि पालकांनो, आपणही जरा दुकानाची वाट सोडूया. मीसुद्धा गेल्या वर्षी पवनचक्की विकतच आणली होती, खोटं कशाला बोलू.

आमचा स्फटिक आता हरभऱ्याच्या डाळीएवढा झालाय. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने तो टिकतो की विरघळतो, यावरून घरात पैज लागलीय. वहीत लिहून ठेवलंय, "जूनमध्ये बघणे."